भवानीबाईंचं माजघर

भवानीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९०८ साली, धारमध्ये, त्यांच्या मुलांना शिकवायला गेलो तेव्हा. पायाच्या नखापासून अंबाड्यापर्यंत माती माखलेली ती मूर्ती दारात बघून साक्षात देवीच जमिनीतून वर आली असं मला वाटलं, आणि मी चपला काढून साष्टांग नमस्कार घातला.

"उठा मास्तर, मुलं मागच्या पडवीत बसलीत," त्या म्हणाल्या. "पण आधी सांगा, हा रंग उबदार वाटतो का?"

आगीत गेलेलं घर नव्याने उभं राहिलं होतं. तरी जुन्या माजघराचा तांबूस रंग भिंतींवर परत आल्याशिवाय आत राहायला जायचं नाही, असा बाईंचा हट्ट. त्यामुळे संसार पडवीत. नालछ्याची माती लावून झाली, नेमावरची झाली. ओला लेप हुबेहूब जमे आणि बाई पेढे वाटत. वाळला की तो फिका पडे आणि बाई रडत भिंत खरवडत.

"बाईसाहेब, भिंत कायमची ओलीच ठेवू या का?" त्यांचे यजमान जयसिंगराव विचारत.

"करा थट्टा! लग्न होऊन आले ते त्या रंगात. हे घर मला परकं वाटतं."

असं चाललं असताना पाचव्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. वऱ्हाड येणार म्हणून जयसिंगरावांनी दोन दिवसांत माजघरासकट सगळीकडे पांढरा चुना मारून घेतला, आणि बाईंचा तांबूस रंग राहूनच गेला.