चहा घेणार का?

रविवारी दुपारी लेकीने एक सिनेमा लावला. भविष्यातलं कुठलंसं राज्य. तिथे कोणत्या बाईने मूल ठेवायचं, हे गणवेशातला अधिकारी ठरवतो. बायका रांगेत उभ्या असतात आणि तो शिक्के मारत जातो.

"त्यांना कुणी काही विचारतच नाही," लेक म्हणाली.

मटार सोलता सोलता बायको म्हणाली, "विचारतात की. चहा घेणार का म्हणून."

लेक हसली. मी खाली बघितलं.

लेक दोन वर्षांची असताना बायकोला पुन्हा दिवस गेले, तेव्हा आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. ही पण मुलगीच, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आईला नातू हवा होता, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. मुलगा मलाच हवा होता. गर्भ पाडायचं मी ठरवलं. संध्याकाळी एसटी स्टँडवर बायकोला त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला, तो चहाचा.

त्या राज्याला केवढे शिपाई लागतात. आमच्या घराला मी एकटा पुरलो.

"बाबा, असं खरंच होईल का कधी?" लेकीने विचारलं.

बायकोचे हात थांबले.

"नाही गं," मी म्हणालो.

ती पुन्हा मटार सोलू लागली.