येलूआजीच्या कपाळाचं कुंकू

चार बायका वाती वळायला बसल्या की आमच्या येलूआजीचा किस्सा निघतोच. एकीचा संपत नाही तोवर दुसरीला दुसरा आठवतो. कापूस संपतो, किस्से उरतात, आणि बायका पोट धरून हसतात. चातुर्मासात कुणाला लागेल असं बोलायचं नाही हा माझा दरसालचा नेम. काल कार्तिकी एकादशीला तो सुटला. तेव्हा आज तेच किस्से माझ्या तोंडून ऐका. देवा, जीभ सांभाळ. नाही सांभाळलीस तरी चालेल.

येलूआजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. जन्म फ्रीसलंडचा, म्हणजे वलंदेज ऊर्फ डच टोपीकरांच्या मुलखाच्या उत्तरेला, समुद्राकाठचा. तिथे गाई फार आणि थंडी त्याहून फार. तिचे वडील वेंगुर्ल्याच्या वलंदेजी वखारीत नोकरीला आले आणि तापानं गेले. माझे आजोबा कोंडिबा तोफखान्यात गोलंदाज. ते दारूगोळा आणायला वेंगुर्ल्याला गेले आणि हिला घेऊन घाट चढून पुण्याच्या कसब्यात आले. नाव येल्चे, आमच्या आळीनं त्याचं येलू केलं.

गोतानं पंगत घेऊन आजोबांना जातीत परत घेतलं. वडिलांना घेतलं. माझं लग्नही याच आळीत लागलं. जिच्यामुळे आम्ही सगळे, ती तेवढी बाहेर राहिली. तिला जन्मभर एकच हवं होतं: आळीतल्या एखाद्या सवाष्णीनं तिला पाटावर बसवून हळदीकुंकू लावावं. दुसरं काही तिनं मागितलं नाही. रोज सकाळी ती स्वतःच कुंकू लावायची, आरशाशिवाय, म्हणून ते नेहमी जरा डावीकडे असायचं.

*

आळीत ती आली त्या दिवसापासून सगळे तिला वलंदेजीण म्हणत. ती प्रत्येकाला थांबवून सांगे, "वलंदेज नाही. फ्रीसलंडची." तिच्या लेखी त्या दोहोंत जमीनअस्मानाचं अंतर.

आळीच्या पुढारीण गोदाकाकू. माहेर साताऱ्याचं, आणि हे त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात येतं. त्या म्हणाल्या, "समुद्रापलीकडचं सगळं आम्हाला एकच."

आजी म्हणाली, "बरं. मग तुम्ही नागपूरच्या."

काकू पुढे कित्येक दिवस तिच्या वाटेनं पाण्याला गेल्या नाहीत. हा किस्सा त्या स्वतः कधी सांगत नाहीत.

*

आजी आजोबांना नावानं हाक मारी. हे तर आळीला अगदीच सोसवेना. काकू म्हणत, हिला नवरा म्हणजे बैल वाटतो.

एका श्रावणात मुठेला पूर चढला. पुरुषमंडळी पलीकडच्या काठावर गवताच्या गंज्या वाचवायला गेलेली, आणि इकडे आमच्या बायका काठावर उभ्या राहून "अहो, अहो" ओरडताहेत. पलीकडे सगळेच अहो. प्रत्येक जण वळून पाही, ही आपली नव्हे असं समजून पुन्हा गंजीकडे वळे. आजी पुढे झाली आणि पोटातून ओरडली, "कोंडिबा!" आजोबा गंजी टाकून नावेत बसले आणि पहिले अलीकडे आले.

काकू म्हणाल्या, "जरा तरी लाज?"

आजी आजोबांचं ओलं धोतर पिळत होती. म्हणाली, "नवरा आहे ना जागेवर. लाज बघू नंतर."

त्या दिवशी काठावर सगळ्या सवाष्णींनी मुठेची ओटी भरली. एकमेकींना कुंकू लावलं. आजीपाशी आल्यावर काकूंनी करंडा मिटला. नदीला चालतं, हिला नाही.

*

आजीच्या गोठ्यात गाई असत आणि ती त्यांच्याशी फक्त आपल्या भाषेत बोले. आळीतलं निम्मं दूधतूप तिच्याकडचं. दूध घेताना कुणालाच विटाळ होत नसे.

एकदा भर दुपारी काकूंची कपिला अडली. वासरू आडवं. काकूंनी निरोप पाठवला, तोही मागच्या दारानं ये म्हणून. आजी गेली, खांद्यापर्यंत हात घातला आणि वासरू ओढून काढलं. कालवड. गाय उठून आजीचा चेहरा चाटायला लागली.

काकूंनी आजीला अंगणात उभं ठेवून लांबूनच पाणी ओतलं. मग गोठा शुद्ध केला. कशानं? त्याच कपिलेच्या गोमूत्रानं. नंतर स्वतः आंघोळ केली. आजीला स्पर्श झाला नव्हता, तरी केली.

मी तेव्हा परकरी वयाची होते. घरी येताना आजीला विचारलं, तुला राग नाही का येत? ती म्हणाली, "गायीनं आत घेतलं ना मला? मग झालं." तिचं झालं असेल. माझं अजून झालेलं नाही.

*

आता एक जरा गोड. आजी चांगलं दूध लिंबू पिळून फाडायची, जिरं आणि लवंग घालून फडक्यात बांधायची आणि दगडाखाली दाबून ठेवायची. त्याला ती 'त्सीस' म्हणे. नासलेलं दूध म्हणजे अपशकुन, आणि ही ते हातानं नासवते! काकूंनी आळीभर सांगितलं, त्या घरावरून जाताना थुंका.

काकूंचे यजमान मात्र रोज गाय बघायला म्हणून आमच्या गोठ्यात येत. बराच वेळ गाय बघत.

एका संध्याकाळी काकूंनी भिंतीपलीकडे त्यांना धरलं. तोंडाला लवंगेचा वास कसला? विडा खाल्ला, म्हणाले. जिऱ्याचा विडा?

तेवढ्यात इकडून आजीचा आवाज गेला, "गोदाबाई, उद्यापासून तुमचा वाटा धरून करू का?"

*

कार्तिकस्नानाला आम्ही पहाटे नदीवर कुडकुडत असू, आणि आजी गळ्याएवढ्या पाण्यात म्हशीसारखी निवांत. म्हणायची, हे पाणी कोमट आहे. आमच्याकडे नदी दगडासारखी घट्ट होते, माणसं तिच्यावरून चालत देवळात जातात.

काकू म्हणाल्या, "पाण्यावरून चालायला संत असावं लागतं. तू थापाडी."

आजी विचारात पडली. मग म्हणाली, "रामाचे दगड तरंगले, ते मी तुमच्या शब्दावर मानलं. माझं पाणी गोठलं, एवढं तुम्ही माझ्या शब्दावर मानणार नाही?"

स्नान संपल्यावर सगळ्यांनी एकमेकींना हळदकुंकू लावलं. आजी ओलेत्यानं काठावर उभी होती. शेवटी तिनं माझ्याकडून करंडा घेतला आणि स्वतःच लावलं. मी लावते म्हटलं तर म्हणाली, "तू तर माझीच आहेस."

*

आजोबा उत्तरेच्या मोहिमेवर गेले आणि पुढे काही खबर येईना. आजीच्या सौभाग्यासाठी मी सोळा सोमवार धरले. आजोबा आले. डावा हात कोपरापासून तोफेनं घेतलेला, पण आले.

उद्यापनाला मेहुणं जेवू घालायची, शिवपार्वती म्हणून. ज्यांच्यासाठी व्रत केलं तेच मेहूण पहिल्या पाटावर, असं मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. पानं वाढली. आजी हिरवं लुगडं नेसून बसली. मी करंडा काकूंपुढे केला, कारण आळीत पहिला मान त्यांचा. काकूंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "ही उठेल, नाहीतर आम्ही उठू."

माझं व्रत मोडायला नको म्हणून आजीच उठली. "कोंडिबा, गाय हंबरतेय," म्हणाली. गाय हंबरत नव्हती. दोघं गेली.

मी तुपाचं भांडं उचललं.

काकू म्हणाल्या, "अगं, तूप?"

"ते आजीच्या गाईचं. तिच्याबरोबर गेलं."

मग दही उचललं. मग खीर. देवाच्या कार्यात राग करू नये म्हणतात. मी शंकराला हात जोडून केला. त्यालाही येतो, त्याला कळलं असेल.

*

गेल्या पौषात आजी गेली. सकाळी गाई पिळल्या, भांडं उतरवून ठेवलं, आणि तिथेच भिंतीला टेकून गेली. आजोबा हयात, म्हणजे अहेव मरण. मी तिला हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, मळवट भरला. यावेळी कुंकू मधोमध लावलं.

आणि दारात रांग लागली. अहेव गेलेल्या बाईच्या कपाळाचं कुंकू मिळावं, तिच्यासारखं मरण यावं, म्हणून सगळ्या सवाष्णी आल्या. जन्मभर जिला बोट लावलं नाही तिच्या पाया पडायला. कुणी ओटीचं सामान आणलं होतं, कुणी वेणी. आजोबा उंबऱ्याशी बसून नुसते बघत होते.

सगळ्यांत पुढे गोदाकाकू. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "भाग्याची गं," आणि आजीच्या कपाळाकडे हात नेला.

मी तो हात मनगटापाशी धरला.

"काकू, आधी आंघोळ करून या."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग आजीकडे. मग वळल्या आणि घरी गेल्या.

पौषातल्या थंडीत ओलेत्यानं परत आल्या, आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.