फ्लोरेआलचा झगा

फ्लोरेआल रूजरी येतोय हे कळायला बघावं लागत नाही. डावा पाय ठप्प, उजवा पाय खस्स. ठप्प-खस्स, ठप्प-खस्स. चाळीस वर्षं दगड उचलून गुडघा कामातून गेला, त्याचा हा आवाज. मला तो हुबेहूब काढता येतो. आईच्या कॅफेत मी तो काढला की पोस्टमन दिदिए ग्लास खाली ठेवून ओरडायचा, "आले, आले! महाराज आले!"

महाराज म्हणजे काय, तर फ्लोरेआल रोज संध्याकाळी साधू व्हायचा.

टेकडीवरच्या जुन्या मठात फ्रेंच क्रांतीनंतर साधू उरलेच नाहीत, गुरं होती. फ्लोरेआलच्या लहानपणी तर डुकरं होती. मग पॅरिसहून मादाम सिक्स्तीन आल्या, त्यांनी मठ विकत घेतला आणि त्याचं गेस्टहाउस केलं. दगडाचं सगळं काम फ्लोरेआलचं: कमानी, अंगणाभोवतीची ओवरी, विहिरीचा काठ. डुकरांच्या गोठ्याची 'ध्यानाची खोली' झाली. सगळ्यात महाग खोली तीच. तीन वर्षांनी काम संपलं, तेव्हा गुडघाही संपला होता. वय सत्तावन्न, पुढे कोण काम देणार?

मादाम बोलतात ते नाकातून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास सोडतात, जणू आत्ताच कुणीतरी गेलंय. "अहो फ्लोरेआल, तुमचा चेहरा ना, अगदी तेराव्या शतकातला आहे... सातच्या सुमाराला काळा झगा घालायचा, कंदील घ्यायचा, ओवरीतून तीन फेऱ्या मारायच्या. बास. फक्त बोलायचं नाही."

"का?"

"तुम्ही बोललात की वातावरण जातं..."

फ्लोरेआल हो म्हणाला. पाहुणे जेवणाआधी खिडक्यांत उभे राहून त्याला बघायचे. पाय ओढत चालतो, त्यामुळे आणखीच खरा वाटायचा. एका बाईने तर त्याचा हात हातात घेऊन पापं सांगायला सुरुवात केली होती. बोलायची परवानगी नसल्यामुळे बिचाऱ्याला सगळी ऐकावी लागली.

गाव हसलं. मी तर सगळ्यात जास्त. पण हसणं कॅफेच्या दारापर्यंतच. कारण फ्लोरेआलच्या घरी म्हातारा आशिल होता.

आशिल रूजरी, फ्लोरेआलचा बाप, एकोणनव्वद वर्षांचा. तोही गवंडी, आणि आमच्या भागातल्या लालांमधला, म्हणजे देव-पाद्री न मानणाऱ्या डाव्यांमधला, सगळ्यात लाल. पोराला एखाद्या संताचं नाव नको म्हणून त्याने क्रांतीच्या कॅलेंडरमधल्या फुलांच्या महिन्याचं नाव ठेवलं: फ्लोरेआल. आमच्याकडे जुन्या लाल पुरुषांचा नियम असा की लग्न असो, मयत असो, बायकांनी चर्चमध्ये जावं, पुरुषांनी दाराबाहेर थांबावं. आशिलची बायको गेली तेव्हा ती आत, शवपेटीत. आणि हा बाहेर, डोक्यावर टोपी तशीच, बर्फमिश्रित पावसात, बारा वर्षांच्या फ्लोरेआलचा हात धरून. पाद्री दारापर्यंत येऊन म्हणाला, "आशिल, आज तरी आत ये." आशिल म्हणाला, "मी इथून बोललो तरी तिला ऐकू येतं."

आता तो खाटेला खिळला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, कान गेले होते, आवाज मात्र शाबूत. आमची आणि त्यांची भिंत एक, त्यामुळे मला सगळं पाठ होतं.

"मी शुद्धीत नसलो ना, की ते काळ्या झग्यातले कावळे येतात!" आशिल गर्जायचा. "मार्त्याँचं काय झालं? जन्मभर चर्चच्या दाराला शिव्या घातल्या, आणि शेवटच्या तासाला सुनेने पाद्री आत घेतला! कपाळाला तेल लावून गेला! दार तू सांभाळायचंस, ऐकलंस?"

"सांभाळेन, बाबा."

"कुणीही आलं तरी?"

"कुणीही."

"मग मी निवांत मरतो," आशिल म्हणायचा आणि घोरायला लागायचा.

म्हाताऱ्याला जगात एवढंच हवं होतं, आणि फ्लोरेआलला एवढंच करायचं होतं. बाकी त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतंही. झग्याचं त्याने घरात कधी कळू दिलं नाही. झगा मठातच राहायचा. घरी सांगायचं ते भिंतीचं.

"संध्याकाळी कुठे जातोस रे?"

"मठाची भिंत, बाबा."

"दोन वर्षं झाली! अजून उभी राहिली नाही?"

"दगड ठिसूळ आहे."

"दगड नाही, तू ठिसूळ आहेस! माझ्या वेळेला एका उन्हाळ्यात झाली असती!"

आणि फ्लोरेआल निमूट ऐकून घ्यायचा. गावात एकानेही म्हाताऱ्याकडे तोंड उघडलं नाही. दिदिएसुद्धा पत्र द्यायला आत गेला की गंभीर होऊन विचारायचा, "काय फ्लोरेआल, भिंत कुठवर आली?"

ऑक्टोबरात, चेस्टनट वेचायच्या दिवसांत, म्हाताऱ्याच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर काढतील. फ्लोरेआलने मादामकडे सुट्टी मागितली. मादाम म्हणाल्या, "अहो, शुक्रवारी बेल्जियमचे अठरा जण येतायत, ते साधूसाठीच तर येतायत... फक्त शुक्रवार करा ना, मग हवी तेवढी घ्या." फ्लोरेआलने नर्स जोस्लीनला बसवलं आणि गेला. अर्ध्या तासाचं तर काम.

दुसऱ्या फेरीत झग्यातला फोन वाजला. जोस्लीन कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज भिंतीपलीकडून मलासुद्धा ऐकू आला: "ताबडतोब या. श्वास लागलाय. तुम्हालाच हाका मारतायत."

फ्लोरेआलने कंदील विहिरीच्या काठावर ठेवला आणि निघाला. धावला म्हणता येणार नाही. ठप्प-खस्स, ठप्प-खस्स, उतारावरून, झगा दोन्ही हातांनी वर धरून. बेल्जियमचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. झगा काढावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"फ्लोरेआल! दार!" म्हातारा आत ओरडत होता. "दार बघ!"

दार उघडलं. पुढचं जोस्लीनने सांगितलं, आणि बरंचसं मी भिंतीला कान लावून ऐकलं.

म्हाताऱ्याला त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी काय दिसलं असेल? एक काळा आकार, पायापर्यंत. तो उशीवरून अर्धा उठला.

"आलास, कावळ्या! फ्लोरेआल! अरे, माझा मुलगा कुठाय? त्याला काय केलंत? तो असता तर तू उंबरा ओलांडला नसतास!"

"बाबा, मी—"

"हात लावू नकोस! माझा मुलगा येऊ दे, मग बघ!"

फ्लोरेआल खाटेजवळ गुडघ्यावर बसला. तो गुडघा, जो वाकत नाही. झग्याचं डोक्यावरचं टोपरं मागे सारलं, म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडला, "बाबा! मीच आहे! फ्लोरेआल!"

म्हाताऱ्याने हात लांब केला. चेहरा चाचपला, नाक, मिशा, दगडाने तुटलेली भुवई. मग झग्याची बाही चाचपली. कमरेची दोरी चाचपली. बराच वेळ.

"मग तर आणखीच वाईट," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

ती भिंत म्हणजे आमची भिंत. तीन दिवस त्याचा श्वास माझ्या खाटेपाशी वाजत होता.

फ्लोरेआलने समजावलं नसेल असं नाही. झगा काढून फेकला. कानात सगळं सांगितलं: गुडघा, मादाम, पाहुणे, सोंग आहे हो बाबा, नाटक आहे, पोटासाठी. म्हाताऱ्याला किती ऐकू गेलं, देव जाणे. आशिलने माझं हे 'देव जाणे' ऐकलं असतं तर त्यावरूनही भडकला असता. पाणी तो जोस्लीनच्या हातून घ्यायचा. फ्लोरेआलने कप पुढे केला की ओठ घट्ट मिटायचा. हात ओळखायचा बरोबर. गवंड्याचे हात लपत नाहीत. दुसऱ्या दिवशी फ्लोरेआलने जोस्लीनचे रबरी हातमोजे घालून बघितलं. तेही ओळखले.

मग तो स्वयंपाकघरातच बसून राहिला. जोस्लीन बाहेर आली की एकच प्रश्न: "घेतलं?" "दोन घोट." "बरं." सोमवारी पहाटे ती बाहेर आली आणि त्याने विचारलं नाही.

अंत्यविधीवाला शहरातून आला. चकचकीत बूट, आवाज असा की पावाला लावून घ्यावा. आई आणि मी सूप घेऊन गेलो होतो. फ्लोरेआलने झगा धुऊन चुलीवर वाळत टाकला होता, कारण परत तर करावाच लागणार. त्या माणसाने झग्याकडे बघितलं, फ्लोरेआलकडे बघितलं, आणि आवाज आणखी मऊ केला.

"ब्रदर, चर्चची वेळ मी पाद्रीबाबांशी बोलून ठरवतो. आपल्यासारख्यांच्या घरी—"

"चर्च नको," फ्लोरेआल म्हणाला. "ब्रदर नाही मी. पाद्री नको, क्रॉस नको, काहीच नको."

"असं होय. वडिलांची इच्छा?"

"हो."

त्याने फॉर्मवर खूण केली. "आणि आपली स्वतःची काही इच्छा? फुलं, संगीत, चार शब्द?"

फ्लोरेआलने झग्याची ओली बाही उलटली. "त्यांना पाणी पाजायचं होतं," तो म्हणाला.

त्या माणसाने फॉर्म उलटसुलट करून बघितला. मनापासून शोधत होता बिचारा.

"तसा रकाना नाहीये यात," तो म्हणाला.