अकोल्याच्या सौद्यात अर्धे पळालेले आजोबा

अमरावतीहून अकोल्याला गाडीनं जायचं मनात असेल, तर पहिली गोष्ट सांगतो: कापसाच्या दिवसांत जाऊ नका. दुसरी: जायचंच असेल तर माझ्यासारखी मेलेल्या आजोबांची अब्रू सोबत घेऊन जाऊ नका. ओझं फार होतं.

झालं असं की, कापसाला भाव आल्यापासून आमच्या वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या अंगात काही ना काही संचारलं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी घरावर मजला चढवला आणि जिना बांधायचा विसरला. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मुलखाचे इतिहास लिहवून घेतले आणि मुंबईहून छापून आणले. अमरावतीचं पुस्तक दाजीशास्त्र्यांचं, अकोल्याचं करामत मुन्शींचं. दोन्हींत आमच्या गावाला एकेक पान आहे. शास्त्री लिहितात, पेंढारी आले तेव्हा माझ्या आजोबांनी गढीचं फाटक लावून घेतलं आणि फाटकापाशीच देह ठेवला. मुन्शी लिहितात, आजोबांनी फाटक उघडलं आणि पळ काढला.

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखालून पहिली बैलजोडी आमची जाते, ती याच आजोबांच्या पुण्याईवर. खालच्या पुऱ्यातल्या मंडळींनी मुन्शींचं पुस्तक आणलं, चावडीत मोठ्यानं वाचलं, आणि पुढच्या पोळ्याला पहिला मान खालच्या पुऱ्याचा म्हणून उभे राहिले. पंचांनी डोकं खाजवून निकाल दिला: लिहिणारे दोघं एकत्र बसून जे एक ठरवतील, ते गाव मानेल. तेवढ्यात बातमी आली की दोन्ही ग्रंथकार अकोल्यात आपापल्या पुस्तकांवर समोरासमोर बोलणार आहेत. मी गाडी जुंपायला सांगितली.

निघताना आत्याबाई ओट्यावर बसली होती. ती त्याच आजोबांची मुलगी, माझी आत्या. लहान वयात विधवा झाली तेव्हापासून आमच्याच घरी असते.

“जाऊन राह्यला तं जाय,” ती म्हणाली. “पन बोरं आनू नको.”

हिवाळ्यात कुणीही बाहेर निघालं की ती हेच सांगते. तिच्या तोंडात दात उरलेले नाहीत, म्हणून बोरांचा राग असेल असं आम्ही घरचे समजतो.

रस्ता म्हणजे काळ्या मातीतल्या दोन चाकोऱ्या. त्यातून कापसाच्या गाड्यांची अशी रांग, की बडनेऱ्याला पोचेपर्यंत आमचा गाडीवान चांदभाई दोनदा नमाज पढून आला आणि गाडी होती तिथंच होती. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून झाडं म्हातारी दिसत होती. पुढच्या गाडीवर दोन शेतकरी बोलत होते. अमेरिकेतल्या लढाईमुळं आपल्या कापसाला भाव आहे, एवढं त्यांच्या कानावर आलेलं.

“भाऊ-भाऊच लढून राह्यले म्हनते तिकडं.”

“वाटनीवरून असन. समेट काहून करत नाही?”

“तू गप रे बाप्पा! समेट झाला तं आपन कुठं जाव?”

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर. इथं मुक्काम कराच. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार आणि बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. मी चार रोडगे खाल्ले आणि आजोबा पळाले असते तरी काही हरकत नव्हती असं घटकाभर वाटलं. कडब्याचा भाव मात्र विचारू नका. त्या मुक्कामी बैल माझ्यापेक्षा महाग जेवले. पुढं वाटेत चांदभाईनं बोरीचं झाड हलवून माझा रुमाल भरून दिला. नको कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी बोरगावपाशी काटेपूर्णेच्या पात्रात चाक रुतलं. ते काढायला आलेल्या सात जणांनी मला अकोल्याच्या भावाविषयी सात मतं दिली. चाक आठव्यानं काढलं. त्याला मत नव्हतं.

अकोल्यात सभा भरवायला जागाच शिल्लक नव्हती, सगळीकडे कापूस. शेवटी एका व्यापाऱ्याच्या वखारीत बसायचं ठरलं. दोन्ही विद्वानांना मानानं सर्वांत उंच ढिगावर बसवलं होतं आणि तिथंच चूक झाली. दाजीशास्त्री बोलायला लागले की आवेशानं हात हलवायचे, आणि हात हलवला की वीतभर खाली जायचे. मुन्शी सडपातळ, पण मान डोलवायची सवय. तेही हळूहळू बुडत होते. अर्ध्या तासानं आम्हाला दोन पागोटी तेवढी दिसत होती. त्यात तंतू नाकात जाऊन प्रत्येक मुद्द्याला कुणीतरी शिंकायचं, आणि शिंकणारा आपल्या बाजूचा धरून दोन्ही पक्ष खूश व्हायचे.

सभेला अध्यक्ष म्हणून भिकाजी दलाल. अकोल्याच्या बाजारात त्याच्याशिवाय सौदा होत नाही. दोघा भांडणाऱ्यांना गप्प करणारा दुसरा माणूस गावात नव्हता, म्हणून त्याला बसवलेला. बिचाऱ्याला पुस्तक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण दोन माणसं दोन गोष्टी सांगतात म्हणजे काय, ते पक्कं ठाऊक होतं.

शास्त्री ढिगातून म्हणाले, “अमरावती हे रुक्मिणीहरणाच्या काळापासूनचं नगर आहे. अकोला त्यामानानं कालचं.”

मुन्शी म्हणाले, “शास्त्रीजी, अमरावती बसली तवा अकोल्याची वेस पुरानी झाली होती. मी लिहून ठेवलं ना.”

भिकाजी उठला आणि ढिगावर चढला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं दोघांचे हात धरले आणि वर पांघरला. आमच्याकडे कापसाचा आणि बैलांचा भाव असाच ठरतो: रुमालाखाली बोटं दाबायची, एक म्हणजे इतके, दोन म्हणजे तितके, बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दोघं विद्वान आधी दचकले. पण वऱ्हाडात वाढलेल्या माणसाचा हात रुमालाखाली गेला, की बोटं आपोआप बोलायला लागतात. थोड्या वेळानं भिकाजीनं रुमाल झटकला.

“झाला सौदा! दोनी गावं एकाच दिवशी बसली. अमरावती सकाळी, अकोला दुपारी.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एका राजाच्या हत्तींचा प्रश्न निघाला. शास्त्र्यांकडे चाळीस हत्ती, मुन्शींकडे एकही नाही. रुमालाखाली वीस ठरले, आणि मुन्शींनी खुशीनं वरून एक पिल्लू दिलं. आता दोघंही रंगात आले होते. ढिगातून वर येऊन बसले, एकमेकांना तंबाखू दिली.

पुढचं पान मात्र आमच्या गावाचं होतं.

मी उभा राहिलो. “मुन्शीजी, माझे आजोबा पळाले हे तुम्ही कशावरून लिहिलं?”

मुन्शी अदबीनं म्हणाले, “पाटील, माझ्या वालिदसाहेबांनी पेंढाऱ्यांच्या टोयीतल्या एका म्हाताऱ्या घोडेस्वाराच्या तोंडून ऐकलं. तो बाहेर होता. त्यानं पाह्यलं, फाटक उघडलं अन् आतून मानूस धावत निघाला. कसम से.”

“आणि मला,” शास्त्री म्हणाले, “गढीच्या आत असलेल्या कुळकर्ण्यानं सांगितलं. सकाळी प्रेत फाटकाला टेकून होतं. फाटक बंद होतं.”

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. पण भिकाजीनं रुमाल टाकला होता. या वेळी फार वेळ लागला. शास्त्र्यांचा खांदा दोनदा हलला, मुन्शींच्या कपाळाला घाम आला. एक बाई मागून कुजबुजली, “मेल्याचा भाव चढून राह्यला.”

रुमाल झटकला.

“पाटलाचा आजा अर्ध्या वाटेपर्यंत पयाला, तिथून वापस आला, अन् फाटकाशी मेला. बोला, हाय मंजूर?”

“अहो, माणूस अर्धा कसा पळेल?” मी ओरडलो. “पळाला तर पळाला, मेला तर मेला!”

भिकाजीनं खाली येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. अगदी मायेनं. “पाटील, दोघाईचंबी राह्यलं पाह्यजे. आता सौदा मोडला तं हे दोघं बाजारात तोंड कसे दाखवतीन?”

दोघांनी तिथल्या तिथं तसं लिहून सह्या केल्या. पुढच्या छपाईत तेच येणार.

परतीचं वर्णन करत नाही, कारण मी काही पाहिलंच नाही. मूर्तिजापूरला एकच रोडगा खाल्ला, यावरून समजून घ्या. चांदभाई म्हणाला, “अर्धा तं अर्धा, पाटील. काही लोक पुरे पयतात.” मी त्याच्याशी बोरगाव ते बडनेरा बोललो नाही.

घरी पोचलो तेव्हा आत्याबाई ओट्यावरच होती. मी हातातला रुमाल तिच्याशेजारी ठेवला आणि रागारागानं सगळं सांगितलं: हत्ती, पिल्लू, दलाल आणि अर्धे पळालेले आजोबा. ती हसेल किंवा दोघांना शिव्या देईल असं वाटलं होतं.

पण ती म्हणाली, “हे कोनं सांगतलं तुले?”

“दलालानं. रुमालाखाली ठरवलं.”

“बरोबर सांगतलं रे त्यानं. असंच झालं.”

मला काही कळेना. तिनं रुमालाची गाठ सोडली, बोरं पाहिली आणि हात मागे घेतला.

“मी सात वर्साची होती. नको म्हनलं तरी बाहेर गेलती, बोरं वेचाले. घोडे आले अन् फाटक लागलं. मी बोरीखालीच. तं बा नं फाटक उघडलं अन् पयाला. मायाकडं पयाला. मले उचललं, वापस आनलं, घोडे पाठीशीच होते, तं फटीतून मले आत लोटलं अन् बाहेरून वरडला, लावा म्हने फाटक. त्याईनं लावलं.”

“आत्याबाई, तू कधी बोलली नाहीस?”

“कोनं इचारलं? तुमी तं पुस्तक वाचून राह्यले होते.”

अकोल्यापर्यंत तीस कोस जाऊन आलो. ओट्यापर्यंत कधी आलो नव्हतो. मी तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडलो आणि तिनं मला रडू दिलं.

पोळ्याचं आता ठरलं आहे. मुन्शी आणि शास्त्र्यांचा कागद वाचून पंचांनी अर्धा मान काढला: पहिल्या जोडीत एक बैल आमचा, एक खालच्या पुऱ्यातला. त्यांचा बैल आमच्यापेक्षा वीतभर बुटका आहे, तेव्हा जोडी वाकडीच चालणार. कागदात खोटं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

हे सगळं लिहू का, असं आत्याबाईला विचारलं. तिनं विचार केला.

“लिही,” ती म्हणाली. “पन त्या दोघाईले दाखवू नको. भाव करतीन.”