गंजी पेटली त्या दुपारी मी काय पाहिलं

ब्लॉग सुरू केला तेव्हा मी दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. कापसाची ती वाईट वर्षं. बाहेरगावचे पत्रकार यायचे, गाड्या गावोगाव फिरायच्या आणि प्रत्येकाला आमच्याकडून एकच गोष्ट हवी असायची, शेतकऱ्याच्या आत्महत्येची. ती घेऊन ते जायचे. आमच्या जिल्ह्यात लग्नं लागतात, लोक सिनेमाच्या तिकिटासाठी भांडतात, पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं नि कुणीतरी घसरून पाय मोडून घेतं, हे कुठं छापून येत नव्हतं. मला ते लिहायचं होतं. मोठा विचार वगैरे काही नव्हता. राग होता, आणि बाजार रस्त्यावर नवा सायबर कॅफे निघाला होता.

तासाचे पैसे घेऊन कॅफेवाला मला कोपऱ्यातला कॉम्प्युटर द्यायचा. मराठी टाइप करणं तेव्हा कटकटीचं होतं. रोमन अक्षरं बडवायची आणि जोडाक्षर नीट उमटतंय का ते डोळे ताणून पाहायचं. लोडशेडिंगमध्ये अर्धा मजकूर उडाला की मी टेबलावर डोकं टेकायचे नि कॅफेवाला म्हणायचा, "ताई, सेव्ह करत जा ना जी." माझं नाव ब्लॉगवर नव्हतं. 'दारव्ह्याहून' एवढंच लिहिलेलं. मी कोण ते त्या एकट्याला ठाऊक होतं. घरी कोणालाच नाही.

वाचणारे कोण होते कोण जाणे. कुणी नोकरीसाठी पार परदेशात गेलेला यवतमाळचा मुलगा, कुणी पुण्यातल्या बाई. आंबाडीच्या भाजीवर लिहिलं तर भराभर प्रतिक्रिया यायच्या. एसटी स्टँडवरच्या भांडणावर लिहिलं की लोक हसायचे. दोन-अडीच वर्षं असं निवांत चाललं.

बाबा गावाबाहेरच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. बैलबंड्या, ट्रॅक्टर यायचे, कापसाचं वजन बाबा करायचे. हंगामात त्यांना घरी यायला फुरसत नसे, म्हणून कॉलेजला सुट्टी असली की डबा मी न्यायचे. त्या दुपारी डबा देऊन, तो रिकामा होईपर्यंत मी पाण्याच्या टाक्याजवळच्या ओट्यावर बसले होते. समोर कापसाची मोठी गंजी. गंजीच्या कडेनं, कापूस आत ओढणाऱ्या मशीनची वायर गेलेली. तिच्या जोडातून मधूनमधून निळ्या ठिणग्या गळत होत्या. तिथून जाणाऱ्या एका मजुराला मी म्हटलं, "भाऊ, ते पाहा बरं." तो म्हणाला, "सकाळपासून तसंच सुरू हाय. सांगतलं आम्ही. मॅनेजर म्हनते, संध्याकाळी पाहू."

तेवढ्यात भाव ठरवण्याच्या जागी आरडाओरडा सुरू झाला. तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी होता, चाळिशीचा, डोक्याला लाल फेटा. त्याचा कापूस ओला ठरवून ग्रेडरनं खालच्या प्रतीत टाकला होता. तो ओरडला, "जाळून टाकीन, पन या भावात देनार नाही!" हे सगळ्या आवारानं ऐकलं. मग तो तणतणत टाक्याशी आला, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून तोंडावर पाणी मारायला लागला. पाणी त्याच्या फेट्यातून ओघळत होतं. आणि तेव्हाच धूर दिसला. वायरीखालून, बारीकसा. मग एकदम भडका.

मी ओरडलेही नसेन. तो मात्र धावला. आधी स्वतःचे बैल सोडले, मग शेजारच्यांच्या बंड्या ओढायला लागला. कापसाची आग डोळ्यांना दिसते त्यापेक्षा आतून जास्त धावते. अग्निशमनची गाडी येईपर्यंत निम्मी गंजी गेली. माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत जाऊन हे सगळं लिहिलं. जसं पाहिलं तसं. त्याचं ओरडणं, ठिणग्या, मजुराचं बोलणं, टाक्याशी तोंड धुणारा तो, मग धूर. ब्लॉगवर टाकलं आणि उठले. पैसे देताना कॅफेवाला म्हणाला, "ऐकलं का? तांड्यावरच्या त्या मानसाले धरून नेलं काल. त्यानंच लावली म्हनते आग. बोललाच होता म्हने तसं."

पैसे मोजता मोजता मी थांबले.

"तुम्ही आत्ता त्याच्यावरच लिहलं ना?" तो हळू आवाजात म्हणाला. त्यानं ते वाचलं होतं, माझं सगळंच तो वाचायचा. "पुसून टाकू का ताई? आतालोक कोनी पाह्यलं नसन."

मी परत खुर्चीत बसले. पुसायला एक बटण पुरे होतं. बाबांची नोकरी त्याच जिनात होती. आमचं घर त्या पगारावर चालत होतं, माझ्या तासिकांवर नव्हे. आणि दुसरीकडे तो माणूस, ज्याच्या तोंडावरचं पाणी मी पाहिलं होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

मी तेव्हा एवढंच केलं, राहू दिलं. ठाण्यात जायचं धैर्य नव्हतं. वाटलं, कोण वाचतंय.

वाचलं. चार-सहा दिवसांत जिल्ह्यातल्या एका वर्तमानपत्रानं तो मजकूर जसाच्या तसा छापला, वर 'दारव्ह्याहून एका अनामिक ब्लॉगवर' असं लिहून. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून पोथ्या गेल्या आणि पेपर आला, असं बाबा अभिमानानं सांगायचे. पेपर ते मोठ्यानं वाचायचे, कारण आईला वाचता येत नव्हतं आणि तिला सगळं ऐकायचं असायचं. त्या सकाळीही वाचत होते. आई तांदूळ निवडत होती, मी केस विंचरत होते.

बाबांनी मथळा वाचला. "आपल्या जिनाचं आलं हाय," म्हणाले आणि खाली वाचत गेले. माझीच वाक्यं बाबांच्या आवाजात. फणी माझ्या केसांत अडकली होती ती तशीच राहिली.

"...'काट्याच्या खोलीच्या खिडकीत एक वयस्क गृहस्थ चष्मा पुसत उभे होते. चष्म्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली...'"

बाबा थांबले. त्यांचा हात आपसूक कानामागे गेला, दोऱ्यापाशी. आई म्हणाली, "वाचा ना, मंग काय झालं?"

बाबांनी पेपराची घडी घातली. "मंग आग लागली," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आंघोळीला निघून गेले.

बाबा कामावर गेले, परत आले, जेवले. पेपर मात्र घडीतच राहिला. दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्यानं मला रस्त्यात गाठलं. जिनातली माणसं त्याच्याकडे येऊन गेली होती, ब्लॉग कोण लिहितं विचारत. "मी म्हनलं, इथं रोज गावभरचे पोट्टे येते, मले काय मालूम. पन ताई, ते परत येतीन."

ते त्याच्याकडे नाही, आमच्याकडे आले. जिनाचा मॅनेजर स्वतः मोटारसायकलवर आला, खाटेवर बसला. मी चहा ठेवला.

"काकाजी," तो बाबांना म्हणाला, "तुम्ही खिडकीत होते. तिथून गंजी पुरी दिसते. तो मानूस गंजीकडे जाताना दिसला, एवढंच सांगायचं ठाण्यात. जास्त काही नाही."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आन् हे ब्लॉग का काय, पुन्या-मुंबईतलं कोनी रिकामटेकडं असन. इथं आलं तरी होतं का ते?" माझ्या हातून कप घेत तो म्हणाला. मी मान खाली घालून आत गेले. आतून मला त्याचं चहा फुरकणं ऐकू येत होतं. विम्याचा प्रश्न होता. वायरीमुळे आग लागली असं ठरलं तर जिनवाल्यांना भरपाई मिळणं जड जाणार होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की हा माणूस बाबांना खोटं बोलायला सांगतोय आणि बाबा नाही म्हणत नाहीयेत.

"विचार करून सांगतो," बाबा म्हणाले.

मोटारसायकलचा आवाज गल्लीबाहेर गेला तशी आई दारात आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी मला हाक मारली.

"बस. तूच लिहलं ना ते?"

"हो."

"किती दिवसांपासून लिहून राह्यली?"

"झाले दोन-अडीच वर्षं."

"दोन-अडीच वर्षं!" आई मध्येच म्हणाली. "काय लिहते ते?"

बाबा खाटेची दोरी नखानं उकरत राहिले. मग म्हणाले, "मी खिडकीत होतो हे खरं. पन तूच लिहलं ना, मी चष्मा पुसत होतो? चष्मा पुसनाऱ्या मानसाले काय दिसन? मले काहीच दिसलं नाही. मी ते सांगन. पन तुले दिसलं. तुले जाऊन सांगा लागन. नाव लपवून लिहलेलं ठानेदार कायले मानन?"

"बाबा, तुमचं काम..."

"कामाचं मले सांगू नोको."

त्यांचा आवाज चढला होता. ते माझ्यावर रागावले की त्या मॅनेजरवर, की स्वतःवर, कळलं नाही. दुपारी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. रस्ता ओळखीचा होता, दोन्ही बाजूंची दुकानं ओळखीची होती आणि आज प्रत्येक दुकानातला माणूस आपल्याकडे पाहतोय असं वाटत होतं. बाबा माझ्यापुढे दोन पावलं चालत होते.

ठाणेदारांनी आधी बाबांना विचारलं, मग माझ्याकडे वळले. "तुमचं आन् त्या मानसाचं काय नातं?"

"काही नाही."

"एका समाजाचे?"

"नाही."

"मंग तुम्ही कायले आल्या?"

तालुक्याच्या गावात एका बौद्ध घरातली मुलगी तांड्यावरच्या माणसासाठी ठाण्यात येते, हे त्यांना समजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही सांगता येत नव्हतं. "मी तिथं होते," मी म्हणाले. "तो माझ्याजवळ तोंड धूत होता तेव्हा धूर निघाला."

हेच त्यांनी मला उलटंसुलटं करून विचारलं. धूर आधी की तो आधी? तू डोळ्यांनी पाहिलं की नंतर रचलं? ब्लॉगवर तर गोष्टी लिहितेस ना? मी तेच सांगत राहिले. शेवटी त्यांनी बयान लिहून घेतलं. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, आडनावासकट. बाबा शेजारी सरळ बसले होते.

त्या मजुरालाही बोलावलं गेलं. ठिणग्यांचं त्यानंही सांगितलं, हे मला त्याच्याच तोंडून समजलं. तांड्यावरचा तो माणूस सुटला. खटला वगैरे काही उभा राहिला नाही. वायरीबद्दल मात्र कुणाचंच काही झालं नाही. हंगाम संपला तेव्हा बाबांना सांगण्यात आलं, पुढच्या वर्षी येऊ नका. बाबांनी मग यवतमाळला शेतीच्या अवजारांच्या दुकानात काम धरलं आणि रोज जाऊन-येऊन करू लागले. पुढे आम्ही यवतमाळलाच राहायला आलो. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण थकून घरी येत तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

आणि तांड्यावरचा तो माणूस आला. सुटल्यावर महिनाभरानं, आम्ही दारव्ह्यातच होतो तेव्हा, बायकोला घेऊन. मला वाटलं, आभार मानायला. तो उभाच राहिला, बसला नाही.

"बाई, तुम्ही बयान दिलं, मी मोकळा झालो," तो म्हणाला. "पन तुम्ही पेपरात लिहलं, मी जाळून टाकीन म्हनून ओरडलो. आता सगळा तालुका मले आगलाव्या म्हनते. पोट्टे मागून ओरडते. मले विचारलं काहून नाही लिहायच्या आधी?"

"पेपरला मी दिलं नव्हतं भाऊ. त्यांनी उचललं."

"लिहलं तं तुम्हीच ना?"

त्याच्या बायकोनं त्याचा दंड धरला, त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि मला हात जोडले. त्यानं हात जोडले नाहीत. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. त्याचं म्हणणं मला पटलं होतं आणि पटलं नव्हतंही. ते ओरडणं गाळलं असतं तर माझ्या बाकीच्या लिहिण्यावर कुणी विश्वास ठेवला असता का? आजही मला हे ठरवता येत नाही.

त्यानंतर कित्येक महिने मी काही लिहिलं नाही. लिहायला लागले तेव्हा ब्लॉगवर माझं नाव घातलं. नाव घातल्यावर लिहिणं अवघड झालं. शेजारच्या बाईच्या घरच्या लग्नातल्या गमतीही आधी तिला वाचून दाखवाव्या लागल्या. ती निम्म्या काढायला लावायची. आईनं हट्ट धरला की तिलाही सगळं वाचून दाखवायचं, आणि ते काम बाबांनी घेतलं; मी छापून आणलेली पानं ते तिला वाचून दाखवत, आणि एखादी ओळ न आवडली तर गाळून पुढे जात. आईला ते लगेच कळायचं. "काय सोडलं?" ती विचारायची.

ब्लॉग अजून आहे. लोक आता मोबाइलवर दोन ओळींत काहीही लिहून टाकतात, माझ्याकडे मोजकेच येतात. परवा मुकुटबनच्या बाजूच्या एका अंगणवाडीवर लिहिलं. तिथल्या सेविकेला आधी फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाका मॅडम, पन माह्या सासूचं ते नोको." मी सासू काढून टाकली. उरलेलं पुन्हा एकदा वाचलं आणि प्रकाशित केलं.