यंदा महालक्ष्म्या कोणाकडे

ये पोरी, अशी जवळ सरक. तू पुण्यात आणि मी अमरावतीत, तरी लिहायला बसले की तू मला समोरच दिसतेस, म्हणून म्हणते. आणि आधी थोडी बोलणी खा. काल फोनवर ‘मावशी, कशी आहेस’ म्हणालीस, आणि मी ‘दुखतं’ म्हणते न म्हणते तोच कुठल्याशा पाल्याचा काढा सांगून मोकळी झालीस. वरून व्हिडिओ पाठवलास. पाहिला बरं मी तो. त्यातला बुवा माझ्यापेक्षा वाकडा उभा होता.

रागावले नाही. तुझी माया कळते मला. पण माझी कंबर दुखायला लागल्यापासून माझ्यावर इतक्यांनी इतकी माया केली, की कधी कधी कंबर परवडली असं होतं.

दुखणं काय ते तुला ठाऊकच आहे. कंबरेतून कळ निघते आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. एखाद्या दिवशी गप असते. एखाद्या दिवशी चपलेत पाय घालायलाही भिंत धरावी लागते. डॉक्टर भला माणूस. त्याने सरळ सांगितलं, “आजी, हे पुरतं जायचं नाही. याच्यासोबत राहायला शिका.” मला पटलं. तुझ्या काकांसोबत एवढा संसार केला, त्यापुढे हे काय! (हे वाचून राहिले आहेत मागून. वाचू दे.)

मला पटलं, पण नातेवाइकांना नाही पटलं. ‘जायचं नाही’ म्हणजे काय? कोणी पट्टा आणला, कोणी उशी, कोणी तेल. मोर्शीची माझी नणंद तर बिब्बा घेऊन आली. संत्र्याच्या बागेत राबणारी बाई, हाताला जोर. “वयनी, डोये मिटा, काई होत नाई,” म्हणाली आणि दिला लावून. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. कंबर दुखतच होती, आता तिच्यावर फोडही आले. नणंद रडायला लागली, “मायामुयं झालं वो हे.” मग तिला समजवायला कोण उठलं? मीच. कंबर धरून चहा केला, तिला पाजला आणि म्हटलं, “थोडा फरक वाटते बरं.” खोटंच. पण तिचे डोळे पुसले गेले.

एवढ्यापर्यंत ठीक होतं. खरी गोष्ट गेल्या वर्षी श्रावणात झाली, ती सांगायची आहे.

आपल्याकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात, तुम्ही पुण्याकडे गौरी म्हणता त्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्या घरची रीत अशी की त्या थोरल्या सुनेच्या घरी. थोरली मी. वर्षभर कोणी अकोल्यात, कोणी मोर्शीला, कोणी कुठे, पण त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या दारात यायचं, सोळा भाज्यांचं पान जेवायचं. आणि दुसरी रीत अशी की महालक्ष्म्या एकदा दुसऱ्या घरी उभ्या राहिल्या, की त्या त्याच घरच्या झाल्या. परत येत नाहीत.

श्रावणातल्या एका रविवारी अकोल्याहून माझी धाकटी जाऊ आणि भाऊजी आले. येताना मोर्शीच्या नणंदेलाही बोलावून घेतलं होतं. मला वाटलं, भेटायला आले. मग जावेच्या हातात कोरं पांढरं कापड दिसलं. मुखवटे बांधून न्यायचं कापड ते.

“बाई,” जाऊ म्हणाली, “यंदापासून लक्ष्म्या आमी नेतो. तुमी आता आराम करा. मी करतो ना सारं.”

“पुरणाचं सांगून झालं आमच्या गल्लीतल्या बाईले,” भाऊजी म्हणाले. “तुमी फक्त गाडीत बसून या, जेवा अन् झोपा.”

नणंद म्हणाली, “तुमच्या कंबरीसाठीच करून राहिलो वो आमी.”

हे फुलांची टोपली घेऊन ओट्यावर बसले होते. आमचं फुलांचं दुकान, हार घरीच होतात. यांनी मान वर केली नाही. म्हणजे यांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, फक्त मला सोडून.

आता यात एक मेख होती. मुखवट्यांचा डबा असा कोणीही उचलून न्यायचा नसतो. थोरलीने देवघरातून काढायचा आणि स्वतःच्या हाताने धाकटीच्या पदरात घालायचा. सासूबाईंनी मला तसाच दिला होता. म्हणून सारे माझ्याकडे पाहत होते, आणि मी दिवाणावर बसले होते.

“जेवून तर घ्या,” म्हटलं.

जेवणं झाली. जाऊ पदर सावरून उभी राहिली. मी म्हटलं, “थांब थोडं, कळ आली.” खरंच आली होती. नंतर चहा झाला. भाऊजी घड्याळाकडे पाहून राहिले होते, कारण रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो आणि त्याच्या आत देव घराबाहेर निघायला हवेत. “वयनी, होते का उठनं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “जरा दम धरा, भाऊजी.” तुला म्हणून सांगते, उठता आलं असतं. दुखलं असतं, पण आलं असतं.

मी हार ओवत बसले. कोणी घाई करेना. दुखणाऱ्या बाईला ‘ऊठ’ कोण म्हणणार? इतकी माया करणारी माणसं, ती तर नाहीच म्हणणार. साडेचार वाजले. भाऊजींनी कपाळाला हात लावला. “आता सहा वाजेपर्यंत बसा!”

“अन् सहानंतर?” हे ओट्यावरून पहिल्यांदा बोलले. “दिवेलागणीला लक्ष्मी घराबाहेर काढाल का?”

मग जाऊच हसली. पांढरं कापड मांडीवर टाकून माझ्या शेजारी बसली. “बाई, तुमी उठल्याच नाई ना?”

“नाई उठलो.”

“काहून?”

“काहून म्हणजे? तुमी मायं दुखनं नेऊन नाई राहिले. ते इथंच राहीन मायासंग. तुमी मायं घर नेऊन राहिले.”

नणंद पुन्हा डोळ्याला पदर लावायला निघाली. तिला म्हटलं, “तू रडू नको, आता चहा करायची ताकद नाई मायात.”

जाऊ मात्र गप्प बसणारी नाही. म्हणाली, “तुमचं खरं हाय. पन मागच्या साली आरतीच्या टायमाले तुमी भिंतीले टेकून ओठ दाबून उभ्या होत्या. मले घास उतरला नाई. पुरनाच्या पोयीत तुमचं दुखनंच दिसे. आमी हे डोयांनी पाहाचं, अन् वरून आशीर्वाद घ्याचा का?”

मला वाटायचं, मी दाबून धरते ते कोणाला दिसत नाही.

त्या संध्याकाळी कोणी अकोल्याला परत गेलं नाही. पिठलं-भाकर केली, तीही जावेने, आणि बसून ठरवलं. पुरण-वरण, आंबील, वडे, चूल सगळी तिची. भाज्या नणंदेच्या. माझ्याकडे दोनच कामं: हार ओवणं आणि लक्ष्म्यांना लुगडी नेसवणं, तीही स्टुलावर बसून. दुखलं तर मी तोंडाने सांगायचं, ओठ दाबायचे नाहीत. आणि मी सांगितलं तर त्यांनी ‘बरं’ म्हणायचं, औषध सांगायचं नाही. नणंदेला हे शेवटचं कलम फार जड गेलं.

भाद्रपदात लक्ष्म्या आल्या. आणायच्या दिवशी सकाळीच माझी कळ अशी काही उठली की स्टूलही जमेना. मी म्हटलं, “आज जमत नाई.” नणंदेने तोंड उघडलं, जावेने तिच्याकडे पाहिलं, तिने मिटलं. “बरं,” म्हणाली. तिच्या गळ्यात काढ्याचं नाव अडकलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

लक्ष्म्यांपुढेच चटई टाकली आणि मी कुशीवर आडवी झाले. देवापुढे पाय पसरून झोपायची सोय नाही, म्हणून डोकं लक्ष्म्यांकडे आणि पाय दाराकडे. तिथून मी सांगत होते आणि जाऊ नेसवत होती.

“ज्येष्ठेची निरी वर घे.”

“घेतली.”

“अजून. पाय दिसले पाहिजे ना! आली तशी जाईन कशी मंग ती?”

“बाई, तुमी झोपल्या तरी तोंड उभंच हाय,” जाऊ म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी कळ वर चढली. मी “आई गं” म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. कोणी धावलं नाही. भाऊजींनी फक्त पंखा माझ्याकडे फिरवला. तेवढंच हवं होतं मला.

आंबील पातळ झाली होती. पदर एकीचा डावा, एकीचा त्याहून डावा. पण जेवायला सगळे माझ्या दारात आले, आणि जाऊ त्या दिवशी पोटभर जेवली. मी पाहत होते.

आता भाद्रपद पुन्हा जवळ आला. कंबर गेल्या सालापेक्षा जास्त बोलते, हे तुझ्यापासून लपवत नाही. एक दिवस येईल, मी डबा जावेच्या पदरात घालीन. तिच्यासारखी दुसरी नाही, आता मला त्याचं भ्याव वाटत नाही. पण ती वेळ मी ठरवीन. यंदाची तर नाहीच.

यंदा मात्र हात कमी आहेत. नणंदेच्या सुनेला दिवस गेले आहेत, ती येणार नाही, आणि जावेला एकटीला निऱ्या आवरत नाहीत. तुझे हात मोकळे आहेत ना? मग पाहुणीसारखी जेवायच्या दिवशी नको येऊस, दोन दिवस आधी ये. रिकाम्या हाताने ये, इथं सगळं आहे. गाडी बडनेऱ्याला उतरवते, तिथून ऑटो मिळतो. लवकर येजा पोरी, वाट पाहून राहिली मी.