विमानाच्या नाकावरचा अंगठा

"अंगठा ठेवला की रशियन, उचलला की चिनी!"

चिनी लष्करी मालवाहू विमानाचा फोटो समोर आला की हे गृहस्थ उजवा अंगठा विमानाच्या नाकावर दाबायचे, एवढं वाक्य टाकायचे आणि खुर्चीत मागे रेलायचे. झालं काम. असा एखादा नमुना तुमच्याही ऑफिसात असेल. एका वाक्यावर निवृत्तीपर्यंत पोचणारा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टोकियोतल्या एका व्यापारी कंपनीच्या माहिती विभागात मी फाइली सांभाळत होते. कुठला देश कुठलं विमान बनवतोय आणि त्यात आपल्या गिऱ्हाइकांना काय विकता येईल, हे शोधायचं आमचं काम. चीन या गृहस्थांकडे. मुंबई ऑफिसने पाठवलेले तज्ज्ञ.

वाक्य खोटं नव्हतं. चीनने सोव्हिएत मालवाहू विमान घेतलं, मग दोघांचं बिनसलं, तिकडचे तंत्रज्ञ निघून गेले, आणि चिन्यांनी हातातलं विमान मोजूनमापून तसंच उभं केलं. नाक तेवढं लांब, त्यांच्याच एका बॉम्बरसारखं. नाव वाय-आठ. पण एवढं मलाही फाइल चाळून कळलं होतं. तज्ज्ञाने त्यापुढे जायचं असतं.

"नकलेला वाढ नसते, वहिनी," ते म्हणायचे.

ऑफिसात मला वहिनी म्हणणारा हा एकच माणूस. "इथे मी केळकर-सान आहे," असं कितीदा बजावलं. "बरं, वहिनी," हे उत्तर.

एकदा बातमी आली की या विमानाचा एक प्रकार खास शेळ्या-मेंढ्या न्यायला बनवलाय. गृहस्थांना सणच. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जपानी सहकाऱ्यांपुढे बें-बें करून दाखवलं. ते हसले, कारण पाहुण्याला एकट्याला हसू देणं त्यांच्यात बसत नाही. सगळे त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यातला मान त्यांना ऐकू यायचा, कंटाळा नाही.

मी म्हटलं, "जो कारखाना शेळ्यांसाठी विमान बदलतो, तो उद्या माणसांसाठीही बदलेल."

"वहिनी, तुम्ही फाइली बघा."

बघितल्या. म्हणून पुढचं सांगू शकते.

त्या शरद ऋतूत एक म्हातारे कारखानदार आले. विमानांच्या दारांना कडेने बसवायचं रबर बनवायचे. जुन्या वाय-आठच्या मालाच्या डब्यात हवेचा दाब राखला जात नसे. उंचावर तिथे बसायचं तर तोंडाला प्राणवायूचा मास्क हवा. दाब राखणारा डबा चीन बनवणार असेल, तर नागरी विमानांसाठी आपलं रबर घेऊन जायचं का, एवढाच त्यांचा प्रश्न.

गृहस्थांचं बरंच काही या उत्तरावर अवलंबून होतं. मुंबईने कळवलं होतं: हा रिपोर्ट चांगला झाला तर एक वर्ष वाढवून, नाहीतर परत. बायको आधीच आजारी सासूपाशी मुंबईला गेलेली. मुलगी जपानी शाळेत नववीत. मार्चमध्ये शाळा संपायची. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची. मधूनच उठवली असती तर ना इथली राहिली असती, ना तिथली झाली असती.

त्याच आठवड्यात एका मासिकातून फोटो आला. वाय-आठचा डबा, बाजूला खोकी, बाकावर बसलेले सैनिक. मास्क नाहीत, हातात झाकणाचे चहाचे मग. मागे गोल खिडकी आणि तिच्यातून खाली दिसणारे ढग. मी भिंगासकट फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"जमिनीवर काढलाय," ते म्हणाले.

"मग ढग खिडकीच्या खाली कसे?"

"धूर असेल."

"अहो, नीट बघा तरी!"

त्यांनी भिंग बाजूला सारलं. "वहिनी, आजवर प्रत्येक रिपोर्टात 'जमणार नाही' लिहिलंय. आता 'जमलं' लिहू? मग आधीचे पगार कशाचे घेतलेत, असं विचारतील."

आणि लिहिलं: जमणार नाही.

बैठकीत आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, मी आणि ते कारखानदार. गृहस्थ जोरात बोलत होते. फोटोंची चळत पुढे सरकवताना तो फोटो वर आला. विमान बाहेरून नव्हतंच त्यात, नाक नव्हतं. तरी अंगठा गेला, आणि बरोब्बर खिडकीवर बसला.

"याच्यावरही, सेन्सेई?" काचोंनी विचारलं.

"सवय," गृहस्थ म्हणाले. अंगठा तिथेच.

म्हातारे पुढे वाकले. फार अदबीने म्हणाले, "जरा अंगठा उचलता का?"

गृहस्थांनी उचलला नाही. काचोंनी त्यांचं मनगट हलकेच धरून बाजूला केलं, एखाद्या मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसं. म्हाताऱ्यांनी फोटो बघितला, वाकून आभार मानले आणि टोपी घेतली.

डिसेंबरात त्यांना मुंबईचं बोलावणं आलं. मला वाईट वाटलं नाही. डोळे असून अंगठ्याने बघणाऱ्या माणसाचं दुसरं काय व्हायचं?

जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. नेहमीचं वाक्य नाही, टेकून बसणं नाही. "वहिनी, पोरीला मार्चपर्यंत ठेवाल? शाळा संपेपर्यंत?" वहिनी हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा योग्य कामासाठी वापरला. निशी-कसाईतल्या आमच्या घरात एक खोली रिकामी होती. मी होकार दिला आणि लगेच शाळेच्या बसचं विचारलं, म्हणजे आणखी काही बोलायला लागू नये.

पोरगी गुणी होती. कचऱ्याचा वार मला चुकायचा, तिला नाही. कुठल्या वारी प्लास्टिक, कुठल्या वारी काच, सगळं पाठ.

मार्चमध्ये चीनच्या फाइली नव्या माणसाला द्यायच्या होत्या म्हणून मी त्या घरी आणून लावत बसले होते. गुळगुळीत फोटो, आणि प्रत्येक विमानाच्या नाकावर तेलकट ठसा. पुसून जाईना. चीनने स्वतःचं म्हणून जेवढं लावलं होतं, तेवढंच नेमकं या माणसाने झाकून ठेवलं होतं.

मुलगी शेजारी येऊन बसली. "बाबांचा अंगठा," ती म्हणाली. चक्क मराठीत.

चळतीतून तिने तो डब्याचा फोटो काढला. खिडकीवरच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला; लहान पडला. मग उचलला, फोटो दिव्याखाली तिरका धरला आणि ठशातून आरपार बघत सहज म्हणाली, "कुमो."

म्हणजे ढग.